‘विषय तेच देणार आहेत सर’ : नोकरी, ऑनलाइन पीएच.डी. आणि आपण

मागच्या महिन्यात हिंजवडीहून एका तरुणाचा फोन आला. मूळचा परभणी जिल्ह्यातला. आई-वडील शेतमजूर, तो घरातला पहिला पदवीधर आणि पहिला इंजिनिअर. आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करून आठ वर्षे झाली. म्हणाला, "जयभीम सर. नोकरी करता करता माहिती तंत्रज्ञानात ऑनलाइन पीएच.डी. करायचे ठरवले आहे. परदेशी विद्यापीठ आहे, सगळे घरूनच. तीन वर्षांत हमखास पूर्ण होते म्हणतात. फी हप्त्याने भरता येते. या आठवड्यात पैसे भरले तर सूटही आहे. भरू का?"

मी विचारले, "संशोधनाचा विषय काय घेतलास?"

"विषय तेच देणार आहेत सर."

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितो आहे. फी, हप्ते, सूट या गोष्टी पुढच्या. ज्या समाजाला हजारो वर्षे प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्या समाजातला शिकलेला मुलगा आज ‘डॉक्टर’ होण्यासाठी पैसे मोजायला तयार आहे आणि प्रश्न मात्र दुसऱ्याकडून घ्यायला तयार आहे. हे आपण समजून घेतले पाहिजे.

आधी एक स्पष्ट करतो. त्या मुलाची इच्छा चुकीची नाही. आठ वर्षे काम करूनही निर्णयाच्या बैठकीत आपण कोपऱ्यात बसतो, आडनाव विचारून झाल्यावर समोरच्याचा सूर बदलतो, हे आयटीत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना सांगावे लागत नाही. तिथे आरक्षण नाही म्हणून जातही नाही, असा एक गोड गैरसमज आहे. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला, तेव्हा जात विमानाने अमेरिकेलाही पोहोचते हे जगाने ऐकले. अशा ठिकाणी नावामागे ‘डॉ.’ लागावे, आडनावाच्या आधी लोकांनी ते वाचावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याला हसणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरात किती पिढ्यांपासून पदव्या आहेत ते मोजावे.

पण इच्छा रास्त असली म्हणून दुकान रास्त ठरत नाही.

आता नियम काय आहे ते पाहू. ऑक्टोबर २०२२ मध्ये यूजीसी आणि एआयसीटीई या दोन्ही संस्थांनी मिळून जाहीर सूचना काढली. शिक्षण विकणाऱ्या खासगी कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ज्या ऑनलाइन पीएच.डी. देतात त्यांना मान्यता नाही, त्यांच्या जाहिरातींना भुलू नका, असे त्यात सरळ लिहिले होते. त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम आले. कोणत्याही उच्च शिक्षण संस्थेने दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. चालवू नये, हे त्या नियमांतही आहे. पण त्याच नियमांनी नोकरदारांसाठी अर्धवेळ पीएच.डी.ची परवानगी दिली आहे. अर्धवेळ आणि ऑनलाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरात करणारा त्या मुद्दाम एक करतो, कारण त्याचा धंदा त्या घोटाळ्यावर चालतो.

म्हणजे त्या मुलाने लाखो रुपये भरून आणलेली पदवी उद्या इथल्या महाविद्यालयात प्राध्यापकाच्या जागेसाठी दाखवली, तर ती फाईल पहिल्याच टेबलावर अडणार. आणि अडवणारा अधिकारी कोण असेल, त्याला आपल्या मुलाची फाईल अडवताना किती आनंद होईल, हे मी वेगळे सांगायला नको.

कुणी म्हणेल, भारतातली मान्यता नको, मला कंपनीतच राहायचे आहे. ठीक आहे. मग अमेरिकेत काय झाले ते पाहा. तिथे ऑनलाइन डॉक्टरेट कायदेशीर आहे, काही विद्यापीठे ती प्रामाणिकपणे चालवतातही. पण २०२२ साली वॉल्डन या नफ्यावर चालणाऱ्या ऑनलाइन विद्यापीठाविरुद्ध विद्यार्थ्यांनी सामूहिक दावा दाखल केला. तो माहिती तंत्रज्ञानाचा नव्हे, व्यवसाय प्रशासनाच्या डॉक्टरेटचा अभ्यासक्रम होता. आरोप असा होता की कृष्णवर्णीय आणि स्त्री विद्यार्थ्यांना हेरून जाहिरात केली गेली, किती पैसे आणि किती वेळ लागेल हे कमी करून सांगितले गेले आणि प्रबंधाच्या टप्प्यावर त्यांना फी भरत अडकवून ठेवले गेले. विद्यापीठाने आरोप मान्य केले नाहीत, पण २०२४ मध्ये २ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड केली.

गिऱ्हाईक म्हणून कुणाला हेरले गेले असा आरोप होता, ते नीट वाचा. ज्यांना मुख्य दारातून पिढ्यान्‌पिढ्या आत घेतले नाही, त्यांनाच मागच्या दाराचे तिकीट महाग विकले जाते. पदवीची भूक जिथे सर्वांत जास्त, तिथे भेसळीचा धंदा सर्वांत जोरात. कातडीचा रंग असो की जात, हिशेब तोच आहे.

मग आपली मुले या दाराकडे का वळतात? कारण मुख्य दार खरोखरच अरुंद आहे. २०१५ ते २०१९ या काळात देशातल्या आयआयटींमध्ये पीएच.डी.ला सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. त्यांत अनुसूचित जातींचे जेमतेम ९ टक्के आणि अनुसूचित जमातींचे २ टक्क्यांच्या आसपास होते. ही आकडेवारी सरकारनेच संसदेत दिली. आरक्षण कागदावर १५ आणि साडेसात टक्के आहे. उरलेल्या जागा कुठे गेल्या, हे विचारायला कुणाला वेळ नाही.

पूर्णवेळ संशोधन करायचे तर अधिछात्रवृत्ती हवी. ती मिळवण्यासाठी बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर उपोषणाला बसावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, असे राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांच्या तोंडून सभागृहाने ऐकले. नंतर सारवासारव झाली. पण मनातले बाहेर आले ते आलेच.

आणि अधिछात्रवृत्ती मिळाली तरी ती पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच. ती घेताना नोकरी करता येत नाही. आता त्या परभणीच्या मुलाचा विचार करा. गावाकडे पत्र्याच्या घराच्या जागी दोन खोल्या बांधल्या, त्याचे कर्ज. धाकट्या बहिणीचे शिक्षण. वडिलांचे गुडघे. हा मुलगा पगार सोडून चार-पाच वर्षे विद्यापीठात कसा बसणार? ज्याच्या वडिलांचा पुण्यात फ्लॅट आहे तो बसू शकतो. म्हणून ‘नोकरी सोडून पूर्ण वेळ संशोधन कर, तेच खरे संशोधन’ हा सल्ला वरवर उच्च वाटला, तरी तो जातीचा सल्ला आहे. पोट भरलेल्यांची ती शुद्धता आहे.

इथे माझे काही मित्र वेगळा मुद्दा मांडतात. ते म्हणतात, ऑनलाइनवरची ही बंदीच प्रस्थापितांचे कुंपण आहे. विद्यापीठाच्या आवारात आपल्या मुलांचे काय होते? रोहित वेमुला पीएच.डी.चाच विद्यार्थी होता. त्याच्या मृत्यूला २०१६ पासून किती वर्षे झाली, काय बदलले? गाइडच्या घरची कामे करा, त्याच्या मुलाला शाळेतून आणा, तरी तो सही करताना जात आठवणार. त्यापेक्षा घरात बसून, स्क्रीनच्या पलीकडून पदवी मिळाली तर अपमान तरी टळतो.

हा मुद्दा मी झटकून टाकत नाही. त्यातली वेदना खरी आहे. द्रोणाचार्य निवृत्त झालेले नाहीत, त्यांना आता सातवा वेतन आयोग मिळतो. पण या युक्तिवादाचा शेवट कुठे होतो ते पाहा. आवारात अपमान होतो म्हणून आवारच सोडून द्यायचे? तळ्यावर मारहाण होते म्हणून घरी बाटलीचे पाणी मागवायचे? महाडला आपण ते केले नाही. विद्यापीठ हे सार्वजनिक तळे आहे. त्यावर आपला हक्क आहे. त्याऐवजी पैसे घेऊन कुणी घरपोच घागर देत असेल, तर घागरीत काय आहे ते तरी बघा.

शिवाय पीएच.डी. म्हणजे काय? तुमचे लिखाण कुणीतरी बारकाईने वाचते आणि म्हणते, हे पटत नाही, पुन्हा लिहा. हा ‘नाही’ ऐकणे आणि त्याला उत्तर देणे, हे त्या शिक्षणाचे खरे मोल आहे. जिथे फी भरली की सगळे ‘हो’च म्हणतात, तिथे तुम्ही विद्यार्थी नसता, गिऱ्हाईक असता.

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपण प्रत्येक जयंतीच्या फलकावर छापतो. त्या पदव्या कशा मिळाल्या याची तारीखवार गोष्ट मात्र क्वचित सांगतो. ती नोकरी करत शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९१८ पासून त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी पहिल्या वेळी तसाच स्वीकारला नाही, पुन्हा लिहायला सांगितला. तोपर्यंत पैसे संपत आले होते. ते मुंबईला आले, वकिलीच्या तयारीला लागले आणि इथे बसून प्रबंध नव्याने मांडून लंडनला पाठवला. १९२३ च्या अखेरीस डी.एस्सी. मिळाली.

कोलंबियाचे तर त्याहून लांबले. तिथे ते १९१३ मध्ये दाखल झाले आणि पीएच.डी.ची पदवी हाती पडली १९२७ साली. मधल्या काळात वकिली, बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायद्याचे अध्यापन, बहिष्कृत हितकारिणी सभा, सगळे चालू होते. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी ही पदवी मिळाली. म्हणजे नोकरी, संसार आणि चळवळ सांभाळून पीएच.डी. हा आपल्याकडे नवा प्रकार नाही. फक्त त्यांना तीन वर्षांत हमखास अशी हमी कुणी दिली नव्हती, आणि विषयही कुणी दिला नव्हता. ब्रिटिश सरकार प्रांतांच्या तिजोरीचे काय करते, रुपयाच्या दराने कुणाचे नुकसान होते, हे त्यांचे स्वतःचे प्रश्न होते.

आणि आपण काय करतो? हॉटेलच्या हॉलमध्ये भाड्याचा गाऊन-टोपी घालून ‘मानद डॉक्टरेट’ घेणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. दुसऱ्या दिवशी अभिनंदनाचे बॅनर लागतात. बॅनर लावणाऱ्यांना आणि लावून घेणाऱ्यांना, दोघांनाही खरे माहीत असते. ज्या माणसाने एका पदवीसाठी चौदा वर्षे वाट पाहिली, त्याचा फोटो त्याच बॅनरवर वर कोपऱ्यात असतो. याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

मग नोकरी करणाऱ्याने काय करावे?

मान्यताप्राप्त विद्यापीठात अर्धवेळ पीएच.डी.ला अर्ज करावा. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर काही गटांना ५ टक्क्यांची सूट आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण असाल तर पदव्युत्तर पदवी नसतानाही अर्ज करता येतो, तिथेही सूट आहे. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत द्यावी लागते. अभ्यासक्रम किमान ३ आणि कमाल ६ वर्षांचा. त्यापुढे पुनर्नोंदणी करून २ वर्षे वाढवता येतात, आणि स्त्रियांना त्याहून आणखी २ वर्षे मिळू शकतात. आपल्या बहिणींनी हे लक्षात ठेवावे. ऑफिसनंतर घरची दुसरी पाळी त्यांनाच करावी लागते.

नोकरी देणाऱ्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. कर्मचाऱ्याला अर्धवेळ शिकायची परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी त्याला मोकळे केले जाईल, एवढे त्यात असावे लागते. आयटीतल्यांनी त्यात आणखी एक गोष्ट लिहून घ्यावी. संशोधनावर मालकी कुणाची? नेमणुकीच्या करारात बहुधा असे कलम असते की तुम्ही जे बनवाल ते कंपनीचे. कंपनीचा डेटा वापरला आणि शेवटी प्रबंध प्रसिद्ध करायला कंपनीने मनाई केली, तर पाच वर्षे पाण्यात. शक्यतो विषयच असा घ्यावा की कंपनीच्या डेटाची गरज पडू नये.

फॉर्म भरण्याआधी शोधगंगा या सरकारी संकेतस्थळावर आपल्या विषयातले दहा प्रबंध उघडून वाचावेत. ते फुकट आहे. कोणत्या गाइडचे विद्यार्थी खरोखर काम करतात आणि कोणाचे फक्त पाने भरतात, हे तिथेच कळते. त्या गाइडच्या जुन्या विद्यार्थ्यांना, विशेषतः आपल्या समाजातल्या, फोन करून विचारावे. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. पीएच.डी. झाली म्हणून आयटी कंपनीत पगार वाढेलच असे नाही. केवळ बढतीसाठी करणार असाल तर तेवढ्या रात्री जागून दुसरे काही शिकणे जास्त फायद्याचे ठरेल.

पण हे सारे नुसते वैयक्तिक सल्ल्याने सुटणार नाही. यूजीसीने ऑनलाइनला ‘नाही’ म्हटले ते दर्जासाठी, हे मान्य. पण मग काम करणाऱ्या माणसासाठी दार उघडायची जबाबदारीही घ्या. आपल्या संघटनांनी या मागण्या लावून धरल्या पाहिजेत. सरकारी विद्यापीठांत अर्धवेळ जागांचे वेगळे आकडे जाहीर करा आणि त्यांत आरक्षण किती भरले ते दरवर्षी सांगा. कोर्सवर्क संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी ठेवा. गाइडशी होणाऱ्या भेटींपैकी काही ऑनलाइन होऊ द्या. तंत्रज्ञान आहे, करोनाच्या काळात सगळ्यांनी ते वापरले. बार्टीने अर्धवेळ संशोधकांसाठी निदान फी आणि पुस्तकांपुरती मदत सुरू करावी. आणि फसव्या पदव्या विकणाऱ्यांवर नुसती सूचना काढून थांबू नका, कारवाई करा. पूर्णवेळवाल्यांच्या अधिछात्रवृत्तीचा लढा हा आपलाच लढा आहे. त्यात नोकरदारांनीही आझाद मैदानावर जाऊन बसले पाहिजे.

हे का करायचे? कारण उद्याची व्यवस्था संगणकात लिहिली जाते आहे. नोकरीचे अर्ज चाळणारी प्रणाली आडनावावरून काही शिकते का? प्रश्नांची उत्तरे देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता ‘सफाई कामगार’ म्हटल्यावर कोणते आडनाव पुढे करते? हे प्रश्न विचारायला संशोधक हवेत, आणि ज्याला याची झळ बसलेली नाही त्याला ते बहुधा सुचणार नाहीत. मनुस्मृती जाळता आली, कारण ती पुस्तक होती. संगणकातले नियम जाळता येत नाहीत. ते वाचता, तपासता आणि जगासमोर सिद्ध करून दाखवता यावे लागतात.

त्या मुलाला मी म्हणालो, पैसे भरू नकोस. आठवडाभर थांब आणि तुला स्वतःला पडलेला एक प्रश्न एका पानावर लिहून पाठव. त्याने पाठवला. त्याची आई रेशन दुकानात गेली की पॉस मशीनवर तिचा अंगठा लागत नाही. आयुष्यभर खुरपे धरून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. दुकानदार म्हणतो उद्या या. त्याने लिहिले होते, "मी टेस्टिंगमध्ये आठ वर्षे आहे. कोणतेही मशीन बाजारात येण्याआधी ते कुणावर तपासले, हा माझ्या कामातला पहिला प्रश्न असतो. हे मशीन कुणाच्या बोटांवर तपासले होते?"

आता त्याच्याकडे विषय आहे. प्रवेश परीक्षेची तयारी तो करतो आहे. गाइड मिळायला वेळ लागेल, कदाचित दोन ठिकाणी नकारही येईल. पण आपला प्रश्न घेऊन रांगेत उभे राहणे आणि दुसऱ्याचा प्रश्न हप्त्याने विकत घेणे, यांतला फरक त्याला कळला आहे. तुमच्या घरात, वस्तीत, ऑफिसात असा कुणी पैसे भरायच्या तयारीत असेल, तर त्याला आधी एवढेच विचारा : तुझा प्रश्न काय आहे?

जयभीम.